तीन ताटं

“मोरी हवीय म्हणजे?” साखरदांडे काकू म्हणाल्या. “आंघोळीला देतेच आहे की.”

“आंघोळीला नाही काकू. अंधाराला.”

काकूंनी हातातली सुपली खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. भाडेकरू म्हणून येऊन मला तीन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत मी विचित्र असं काही मागितलं नव्हतं.

ही गोष्ट बार्शीतली, सन ब्याऐंशीची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो होतो. काकूंच्या घराची पुढची खोली मला मिळाली होती. काकू पन्नाशीच्या, मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांचे यजमान बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, ते जाऊन अकरा वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे पहिल्या महिन्यातच भाडेकरूपण मागं पडलं आणि सकाळच्या चहाला मला आतून हाक यायला लागली.

मी सोलापूरच्या जुन्या बाजारातून एक कॅमेरा उचलला होता. रोल धुवायला मी गावातल्या गुंड आडनावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत टाकायचो. गुंडांकडून फोटो यायचे ते एकतर काळवंडलेले, नाहीतर पांढरेफटक. वर ते मलाच विचारायचे, “साहेब, उन्हात काढला हुता का सावलीत?” मी दिवसभर पोरांसाठी द्रावणं बनवणारा माणूस. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचा माझा हात आख्ख्या कॉलेजात नावाजलेला. मग स्वतःचे फोटो स्वतः का धुऊ नयेत, असं माझ्या मनानं घेतलं. त्याला डार्करूम हवी. आणि त्या घरात खिडकी सगळ्यात लहान असलेली, फरशी ओली झाली तरी चालणारी जागा एकच होती.

“त्या रसायनांचा वास येतो का?” काकूंनी विचारलं.

“थोडा.”

“विषारी?”

“प्यायली तर.”

“मग माझ्या स्वयंपाकघरातलं एकही भांडं न्यायचं नाही. आणि पाणी जपून वापरायचं. नळ दिवसाआड येतो, विसरू नकोस.” एवढं बोलून त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांनी माळ्यावरची तीन ताटं घेऊन आल्या. उभ्या काठाची, जुनी, पोचे आलेली. “ही घे. आता ही परत घरात यायची नाहीत.”

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मोरीच्या खिडकीला मी छत्रीचं जुनं कापड दुहेरी करून ठोकलं. दाराच्या फटींना काकूंनी गोधडीच्या पट्ट्या शिवून दिल्या, त्याही टीप घालून, कारण त्यांच्या हातून वेडंवाकडं काही होतच नसे. लाल दिव्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी देवघरातला झिरोचा लाल बल्ब काढून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, “देवाला चार दिवस समई पुरते.” नळ दक्षिणेच्या भिंतीला होता. त्याच्यासमोर तीन ताटं ओळीत मांडायची, आणि पाटावर बसून काम करायचं, असं ठरलं. आतली कडी मात्र नव्हती. ती कधीचीच गंजून पडली होती. आंघोळीच्या वेळी मी मोठ्यानं गाणं म्हणायचो, तीच माझी कडी.

“आता पाच मिनिटं दार लावून आत बसायचं,” मी म्हणालो. “डोळे सरावले की कुठून उजेड येतोय ते कळतं.”

“मीही बसते,” काकू म्हणाल्या.

आम्ही दोघं मोरीत दार लावून बसलो. मी फरशीवर, काकू पाटावर. दुपारचे तीन वाजले असतील. थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, “तो बघ, तुझ्या पायाशी.” मोरीच्या पाणी जायच्या भोकातून रुपयाएवढा उजेड आत येत होता. मी त्यावर चिंधी दाबली. मग काहीच दिसेना.

“आता सांग, काय काय करणार ते,” अंधारातून काकूंचा आवाज आला.

“पहिल्या ताटात डेव्हलपर. त्यात फिल्म घातली की चित्र उमटतं. दुसऱ्यात नुसतं पाणी. तिसऱ्यात हायपो. हायपो उरलेलं सगळं धुऊन काढतो, मग फिल्मला उजेडाची भीती राहत नाही. फिल्मचं काम पूर्ण अंधारात. लाल दिवा नंतर, कागदावर फोटो छापताना.”

“आणि आधी हायपोत पडली तर?”

“तर चित्र उमटायच्या आधीच धुऊन जाईल. कोरी फिल्म हातात येईल.”

“म्हणजे आधी फोडणी, मग पाणी.”

“तसंच.”

अंधारात काकूंचा पाट सरकल्याचा आवाज झाला. मला वाटलं आता उठतील. पण त्या म्हणाल्या, “श्रीराम, अकरा वर्षांचा रोल धुता येईल का रे?”

यजमान गेले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात रोल तसाच होता. कॅमेरा ट्रंकेत, साड्यांच्या घडीत गुंडाळून ठेवलेला. उघडलं की सगळं जातं, असं यजमानांनी एकदा सांगितलेलं, म्हणून काकूंनी तो कधी उघडला नव्हता. मागच्या काचेतून नऊचा आकडा दिसायचा. नऊ फोटो काढून झाले होते.

“आठ त्यांनी काढलेले,” काकू म्हणाल्या. “झाडं, पूल, रस्त्याची कामं. नववा मी काढलाय. रामलिंगच्या देवळाला गेलो होतो. धबधब्याखाली ओंजळीनं पाणी पीत होते आणि टोपी पाण्यात पडली. ते हसायला लागले. मी कॅमेरा उचलला आणि दाबलं. आयुष्यात तेवढा एकच फोटो काढला मी.”

बैठकीच्या भिंतीवर त्यांचा एक फोटो होता, हार घातलेला. तो मी रोज बघत होतो. ओळखपत्रावरचा छोटा फोटो मोठा करून घेतलेला, करारी चेहरा, गळ्यापर्यंत बटणं.

“भिंतीवरचा फोटो कचेरीतला आहे,” काकू म्हणाल्या. “तसे ते घरी कधी दिसलेच नाहीत. मला आता भीती वाटते की रोज तोच बघून बघून मी दुसरा चेहरा विसरून जाईन.”

त्या आधी गुंडांकडे जाऊन आल्या होत्या. गुंड म्हणाले होते, “बाई, अकरा वर्सांचा रोल म्या न्हाई हातात घ्यायचा. गेला तर जन्मभर माझ्या नावानं खडं फोडशीला.” शहाणा माणूस. मी शहाणा नव्हतो. मी त्या अंधारात, जिथं माझं तोंडही दिसत नव्हतं, छाती काढून म्हणालो, “मी करून देतो काकू. आधी माझे दोन रोल धुऊन हात बसवतो. मग तुमचा.”

माझे दोन्ही रोल चांगले निघाले. नळाकडे तोंड करून पाटावर बसायचं, डावीकडं डेव्हलपर, मध्ये पाणी, उजवीकडं हायपो. फिल्मची दोन टोकं दोन हातांत धरायची आणि पाळण्यासारखी वरखाली करत ताटातून फिरवायची. मनात आकडे मोजायचे. पहिल्या रोलच्या वेळी मी आकडे पुटपुटत होतो, दुसऱ्याच्या वेळी मी शीळ घालत होतो. निगेटिव्ह दोरीवर वाळत घातली की काकू येऊन प्रत्येक चौकट उजेडाला धरून बघायच्या. “हा आपला ओटा ना? अगंबाई, मी तर काळी आणि माझं पातळ पांढरं.” निगेटिव्हमध्ये असंच उलटं दिसतं, हे त्यांनी एकदा ऐकलं आणि परत विचारलं नाही.

त्यांच्या रोलसाठी त्यांनी मार्गशीर्षातला गुरुवार निवडला. त्या दिवशी नळालाही पाणी होतं. चारला पाणी आलं, साडेपाचपर्यंत आम्ही पिंप, बादल्या, घंगाळं सगळं भरून घेतलं. काकूंनी शाळेतून अर्धी रजा घेतली होती आणि हिरव्या काठाचं पातळ नेसल्या होत्या. मी मोरीत ताटं मांडली, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या आणि द्रावणं ओतली. डावीकडं डेव्हलपर, मध्ये पाणी, उजवीकडं हायपो. कॅमेरा मांडीवर घेतला. तेवढ्यात काकू हळदकुंकवाची कुयरी घेऊन दारात आल्या.

“ताटांना नको लावू,” मी घाईनं म्हणालो. घाईत काकूंना एकेरी बोललो, ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

“ताटांना नाही रे, चौकटीला लावते.” त्यांनी चौकटीला बोटं टेकवली आणि मग माझ्याकडे बघून थबकल्या. “श्रीराम, तू दक्षिणेकडं तोंड करून बसलायस.”

“नळ तिकडंच आहे, काकू.”

“असू दे. तुझे आईवडील आहेत ना? आईवडील असताना दक्षिणेकडं तोंड करून बसायचं नाही. श्राद्धाला बसतात तसं. आजच्या दिवशी तर मुळीच नको. उठ बघू.”

मी मनात हसलो. रसायनांना दिशा कळत नाही, असं काहीतरी बोलणारही होतो. पण त्यांचा चेहरा बघितला आणि उठलो. पाट उचलला, ताटांच्या पलीकडं नळाच्या बाजूला ठेवला आणि नळाकडं पाठ करून उत्तरेला तोंड केलं. काकूंना बरं वाटल्यासारखं दिसलं.

“आता मी दार लावून घेते,” त्या म्हणाल्या. “तू हाक मारल्याशिवाय उघडत नाही.”

दार लागलं. गोधडीची पट्टी सरकवल्याचा आवाज आला. मी कॅमेरा उघडला, रोल काढला, कागद सोडवला, फिल्म वेगळी केली. अकरा वर्षं गुंडाळलेली फिल्म उलगडायला तयार नव्हती, सारखी बोटाभोवती वळत होती. दोन टोकं धरून ती मी डावीकडच्या ताटात सोडली आणि मोजायला लागलो.

जुनी फिल्म म्हणून मी वेळ जास्त दिला, बारा मिनिटं. बाहेरून पातळाची सळसळ ऐकू येत होती. काकू तिथंच कुठंतरी बसल्या होत्या. मग मधल्या ताटात. मग उजवीकडच्या. या शेवटच्या ताटात फिल्म फिरवताना मला बोटांना द्रावण गुळगुळीत लागलं, साबणाच्या पाण्यासारखं. डेव्हलपर तसा लागतो, हायपो लागत नाही. प्रयोगशाळेतल्या कुठल्याही पोरानं हे सांगितलं असतं. मी मात्र मोजत राहिलो.

आणि दार उघडलं.

काकू निरांजन घेऊन उभ्या होत्या. रोज दिवेलागणीला देवासमोर दिवा लावून त्या तो सगळ्या घरातून फिरवायच्या, बैठक, माझी खोली, स्वयंपाकघर, शेवटी मोरी. तिन्हीसांजेला घरात कुठं अंधार ठेवायचा नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिस्त. तीस वर्षं रोज जे पाय चालले ते त्या दिवशीही चालले. दार ढकलल्यावर त्यांना कळलं. त्यांनी दुसरा हात ज्योतीपुढं धरला, जणू अजून काही वाचवता येणार होतं.

निरांजनाच्या उजेडात मी हातातली फिल्म पाहिली. ती पाण्यासारखी स्वच्छ होती. तिच्यातून मला काकूंच्या पातळाचा हिरवा काठ आरपार दिसला. एकही चौकट नाही, एक डागसुद्धा नाही. मी खाली पाहिलं. मी जागा बदलली होती, ताटं जागच्या जागी होती. माझं डावं आता हायपो होतं. पहिल्या मिनिटापासून मी फिल्म हायपोत घातली होती. काकू आल्या तोवर तिच्यावर बिघडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दिवाच काय, सूर्य आत आणला असता तरी काही फरक पडला नसता.

“आलं का काही?” काकूंनी विचारलं.

मी सांगायला हवं होतं. वाक्य अवघड नव्हतं. पण कॉलेजात चिठ्ठ्या लावणारा मी, अंधारात छाती काढून शब्द देणारा मी. माझ्या तोंडून निघालं, “दार का उघडलंत?”

काकू निरांजन घेऊन एक पाऊल मागं सरल्या.

“उजेड लागला,” मी म्हणालो.

“गेलं सगळं?”

“हो.”

त्या रडल्या नाहीत. त्यांनी निरांजन खाली फरशीवर ठेवलं, देवाचं निरांजन त्यांनी कधी फरशीवर ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. “माझंच चुकलं,” त्या म्हणाल्या. “सवयीनं पाय वळले.” मग हात पुढं केला. “ती पट्टी टाकू नकोस. दे इकडं.”

मी फिल्म त्यांच्या हातात दिली. ती अजून ओली होती आणि तिच्यावरून पाणी त्यांच्या पातळावर ठिबकत होतं. त्यांनी ती दोरीवर वाळत घातली, माझ्या निगेटिव्ह घालायची तशीच, खाली कपड्याचा चिमटा लावून.

त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेतून उशिरा आल्या. तिसऱ्या दिवशी त्या काहीशा गप्प होत्या आणि माझी हिंमत झाली नाही. अशा गोष्टी आठवड्याभरात सांगितल्या नाहीत की मग सांगता येत नाहीत. त्यापुढे बोलायचं तर चुकीबरोबर गप्प बसल्याचंही उत्तर द्यावं लागतं.

पंधरा दिवसांनी काकूच म्हणाल्या, “मोरी बंद का ठेवलीस? तुझे रोल धू की.” मग मी पुन्हा कामाला लागलो. मी आत असलो की दिवेलागणीला दाराबाहेरून त्यांचा आवाज यायचा, “श्रीराम, दिवा लावू का?” मी म्हणायचो, “थांबा थोडं.” मग त्या थांबायच्या. कधी दहा मिनिटं, कधी वीस, देवासमोर काडीपेटी घेऊन. अंधारात फिल्म हातात धरून मी तो प्रश्न ऐकायचो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उन्हाळ्यात नळ चार दिवसांआड झाला, ते निमित्त करून मी डार्करूम मोडली. छत्रीचं कापड काढलं, लाल बल्ब देवघरात परत लावला. पुढं चौऱ्याऐंशी साली अंबरनाथला रंगांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि मी बार्शी सोडली. कॅमेरा मी त्यानंतर फार वापरला नाही.

दिवाळीला पत्र लिहायचो. त्यांचंही यायचं, शिवणकामासारखं नेटकं अक्षर. पण गेलो नाही. गेलो तो एकदम चौदा वर्षांनी, अठ्ठ्याण्णव साली, कॉलेजातून नोकरीचा जुना दाखला काढायचा होता म्हणून. खरं तर दाखला टपालानंही आला असता. मी चाळिशीला आलो होतो, आईवडील एका वर्षाच्या अंतरानं गेले होते, आणि त्यांच्या पाठीमागं घर आवरताना मला दुसऱ्याच एका घरातली दोरीवर वाळत घातलेली पट्टी सारखी आठवत होती. काकूंनी दिव्याला हात लावताना रोज स्वतःला दोष दिला असेल. तेवढा तरी आपण काढून घ्यावा, म्हणून मी गेलो.

काकू वाळल्या होत्या, पण चालत्याबोलत्या होत्या. भिंतीवर तोच कचेरीतला फोटो. मी चहा संपायचीही वाट पाहिली नाही.

“काकू, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. तुमच्या दिव्यानं रोल गेला नव्हता.”

“ठाऊक आहे,” काकू म्हणाल्या.

मी कपबशी खाली ठेवली.

“ती पट्टी मी गुंडांकडं नेली होती. दुसऱ्याच दिवशी, शाळेतून येताना. म्हटलं, अंधुक काही असलं तर बघतील. ते म्हणाले, बाई, उजेड लागला असता तर फिल्म काळीठिक्कर पडली असती. ही कोरी हाय. आधी हायपोत पडली.”

“म्हणजे पुढची दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार?” काकूंनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. “तुझा हात चुकणारा नव्हता. मी बघितलं होतं ना, दोन्ही वेळा. मग या वेळीच कसा चुकला, याचा विचार करत राहिले. आणि दोन दिवसांनी तुझं ताट वाढताना कळलं. चटणी डावीकडं वाढायची, भाजी उजवीकडं. माणूस या बाजूचा त्या बाजूला बसला की पाटाबरोबर ताटही फिरवायला लागतं. जन्मभर पंगती वाढल्या मी. पाट फिरव म्हणून मीच सांगितलं, ताटं फिरव म्हणून सांगायचं राहिलं.”

“काकू, ते बघायचं काम माझं होतं.”

“तुझं होतंच. पण तुला उठवलं मी ना. आणि तू काय केलंस? बाईला पाटाचं कळलं तर तिला जन्मभर लागेल, म्हणून दिव्यावर ढकललंस. दिव्याचं काय, सवयीनं झालेली चूक. माणूस ती पचवतो. तेवीस वर्षांच्या मुलाला एवढं सुचलं, म्हणून मला तुझं फार वाटलं. मग मीही मला कळल्याचं दाखवलं नाही.”

पंधरा-सोळा वर्षं त्या बाईनं मला चांगला माणूस मानलं होतं, तेही नेमक्या त्याच गोष्टीसाठी. गप्प बसणं पुन्हा एकदा सोपं होतं, आणि या वेळी तर ते चांगुलपणासारखंही दिसलं असतं.

“नाही काकू,” मी म्हणालो. “तुमचं काही माझ्या मनात आलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. मी करून देतो म्हणून फुशारकी मारली होती आणि मीच घालवलं. तुम्ही दार उघडून आयत्या समोर आलात, म्हणून तुमच्यावर ढकललं. दुसरं काही नव्हतं.”

बाहेर ओट्यावर कुणाची तरी सायकल टेकल्याचा आवाज झाला. काकूंनी एकदा भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं.

“हे मात्र गुंडांनी सांगितलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता त्या जा म्हणतील. म्हणाल्या असत्या तर मी गेलो असतो. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. मी भिंतीवरच्या करारी चेहऱ्यासमोर बसून राहिलो. मग ताट मांडल्याचा आवाज आला, आणि त्या पाठोपाठ हाक.

“ये. दोन घास खाऊन जा.”

स्वयंपाकघर तसंच होतं. भिंतीशी एक पाट, पुढं वाढलेलं ताट. मी बसणार तेवढ्यात काकूंनी विचारलं, “आईवडील कसे आहेत?”

“दोघंही गेले काकू. परवाच्या वर्षी बाबा, गेल्या वर्षी आई.”

हातातला डाव त्यांनी पातेल्यात परत ठेवला.

“अरेरे. मला कळवलं नाहीस,” त्या म्हणाल्या. मग पाटाकडं बघून हळूच म्हणाल्या, “मी घाईत पाट दक्षिणेलाच मांडलाय. पण बस आता. आता तुला चालतं.”

मी वाकलो, पाट उचलला, ताटाच्या पलीकडं नेऊन ठेवला आणि उत्तरेकडं तोंड करून बसलो. काकूंनी खाली बसून दोन्ही हातांनी ताटाचे काठ धरले आणि ते फरशीवरच सावकाश फिरवलं, चटणी माझ्या डाव्या हाताशी येईपर्यंत.